न दिसलेला गायक

शाळेत प्रार्थनेसाठी मुलांना उभे करावयाचे, ते उंचीच्या क्रमाने. ही पद्धत जुनी आहे आणि सोयीचीही आहे. मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसते आणि शिक्षकांना एका नजरेत सारी रांग दिसते. तीस-पस्तीस वर्षे मी अशा रांगा पाहत आलो. रांगेच्या अगदी पुढच्या टोकाशी उभा असलेला मुलगा वर्षानुवर्षे त्याच जागी उभा असतो. त्याचे सोबती भराभर वाढतात आणि मागे मागे सरकत जातात. तो मात्र जागचा हलत नाही. स्नेहसंमेलनाच्या नाटकात राजाचे काम तर राहोच, पण भालदाराचे कामही त्याला मिळत नाही. भालदार म्हणे उंच हवा! ज्याची हकीकत मी आज तुम्हांला सांगणार आहे, तो गायक अशा रांगेत जन्मभर पहिलाच उभा राहिला असता. त्याचे नाव योझेफ श्मिट. त्याची उंची जेमतेम पाच फूट होती.

तो ऑपेराचा गायक होता. ऑपेरा म्हणजे काय, हे मराठी मुलांना समजावून सांगणे फारसे कठीण नाही. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून नाटकातील पात्राने गाऊन आपले मन मोकळे करावे याची आपल्याला सवय आहे. आपल्या नाटकात मात्र पात्रे बोलतात आणि मधून मधून गातात. ऑपेरामध्ये बहुधा सारेच गायचे असते. प्रेम, भांडण, पत्राचे वाचन, इतकेच काय, पण मरणसुद्धा! पुढे खोलगट जागेत साठ-सत्तर वाद्ये वाजत असतात. गायकासमोर ध्वनिक्षेपक नसतो. त्या सगळ्या वाद्यांच्या कल्लोळावरून आपला उघडा आवाज शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे, ही त्या गायकाची पहिली कसोटी. दुसरी कसोटी डोळ्यांची. नायक हा नायकासारखा दिसला पाहिजे. नायिका त्याच्याहून वीतभर उंच असेल आणि त्याने तिला बाहूंत घ्यावयाचे असेल, तर करुण प्रसंगी प्रेक्षक हसतील, अशी नाटकगृहाच्या चालकांना धास्ती वाटते.

या दुसऱ्या कसोटीवर योझेफ श्मिट गायला तोंड उघडण्यापूर्वीच नापास होत असे.

४ मार्च १९०४ रोजी दाविदेनी नावाच्या एका लहानशा खेड्यात त्याचा जन्म झाला. हे खेडे बुकोव्हिना या प्रांतात होते. तेव्हा तो प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, पहिल्या महायुद्धानंतर तो रुमानियात गेला आणि आज ते गाव युक्रेनमध्ये आहे. गाव जागचे हलले नाही. हलल्या त्या सीमा. श्मिटच्या आयुष्यात पुढे सीमांनी जो खेळ मांडला, त्याची ही नांदीच म्हणावयाची.

घराणे धर्मनिष्ठ ज्यू होते. ज्यू लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. आपल्या कोकणात अलिबागच्या आसमंतात तेलाच्या घाण्यांवर पोट भरणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे बेने इस्रायल लोक ज्यूच होत. ते घरात मराठी बोलत आणि आपल्या धर्मग्रंथातील कथांवर मराठीतून कीर्तनेही करीत. ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना म्हणणारा एक मुख्य गायक असतो. तो ठराविक शब्द ठराविक स्वरांत म्हणतो खरा. परंतु मधून मधून त्याचा आवाज त्या चौकटीतून सुटतो, आळवतो, कंप पावतो, खटके-मुरक्या घेत वर चढतो आणि पुन्हा प्रार्थनेच्या शब्दावर येऊन टेकतो. चेर्नोव्हित्स या शहरी योझेफ लहानाचा मोठा झाला आणि तेथल्या मंदिरात प्रथम गायकवृंदात व मग एकट्याने गाऊ लागला. त्याच्या गळ्यातील चपळाई या पाठशाळेत तयार झालेली आहे. पुढे त्याने बर्लिनला जाऊन हेर्मान व्हाइसेनबोर्न या नामांकित शिक्षकाजवळ अध्ययन केले. पण मूळचे हे संस्कार पुसले गेले नाहीत, आणि ते पुसले गेले नाहीत हे आपले भाग्य.

आवाज होता, शिक्षण होते, स्वरलिपी पाहताक्षणी गाण्याचे कौशल्य होते. नव्हती ती उंची. आता असा माणूस काय करील? गावी परत जाऊन मंदिरात गाईल आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु १९२९ साली एक नवे दार उघडले. जर्मनीत नभोवाणी सुरू होऊन तेव्हा अवघी सहा वर्षे झाली होती; १९२३ च्या ऑक्टोबरात बर्लिनहून पहिले प्रक्षेपण झाले होते. (आपल्याकडे मुंबईचे केंद्र १९२७ च्या जुलै महिन्यात सुरू झाले.) बर्लिन नभोवाणीवर संपूर्ण ऑपेरा सादर करण्याची व्यवस्था कोर्नेलिस ब्रॉन्सखेस्ट नावाच्या एका डच गायकाकडे होती. त्याने श्मिटचे गाणे ऐकले आणि त्याला एकदम नायकाचीच भूमिका दिली.

ती भूमिका कोणाची होती, हे ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. ती होती वास्को द गामाची! १४९८ साली कालिकतच्या किनाऱ्याला गलबते लावणारा, तुमच्या इतिहासाच्या पुस्तकातला तोच हा वास्को द गामा. जाकोमो मायरबेअर या संगीतकाराने त्याच्यावर एक भव्य ऑपेरा रचला होता. त्याचे नाव ‘ला’फ्रिकेन’, म्हणजे ‘आफ्रिकन स्त्री’. मायरबेअरच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १८६५ साली, पॅरिसला त्याचा पहिला प्रयोग झाला. या नाटकात भूगोलाचा जो गोंधळ आहे तो माझ्यासारख्या जुन्या मास्तराच्या लाल शाईला फार दिवस पुरला असता. नायिका आफ्रिकन म्हणावी, तर तिच्या राज्यातील पुजारी ब्राह्मण आहेत आणि ते ब्रह्मा, विष्णू व शिव यांच्या शपथा घेतात! मात्र चौथ्या अंकात वास्को त्या अनोळखी भूमीवर पहिले पाऊल ठेवतो आणि समोरची वनश्री पाहून थक्क होऊन गातो, तेव्हा सारा गोंधळ विसरावा असे ते गाणे आहे. प्रथम मंद, जणू श्वास रोखून धरलेला आवाज; मग हळूहळू उलगडत जाणारा विस्मय; आणि शेवटी, ‘ही भूमी माझी!’ असा चढा उद्गार. त्या उद्गारातील लोभ पुढे कोणाकोणाला किती भोवला हे आपण जाणतोच. पण तो इतिहासाच्या तासाचा विषय.

नभोवाणीवर कोणी कोणाला पाहत नाही. एप्रिल १९२९ मध्ये बर्लिनच्या घराघरांत लोकांनी वास्कोचा आवाज ऐकला आणि ज्याने त्याने आपल्या मनाने त्याला उंचपुरा, रुंद छातीचा, दर्यावर्दी पोशाख घातलेला असा रंगवला. खरा वास्को ध्वनिक्षेपकापाशी साध्या कोटात उभा होता. त्याच्या उंचीची कोणालाच अडचण झाली नाही. त्यानंतरच्या चार वर्षांत श्मिटने बर्लिन नभोवाणीवर तीसहून अधिक ऑपेरांत भूमिका केल्या. केवळ संख्याच ध्यानात घेऊ नका. नाटकगृहातील गायक वर्षभर चार-सहा भूमिका आलटून पालटून करतो. नभोवाणीला दर थोड्या दिवसांनी नवे हवे असते. म्हणजे नवे शब्द, नवे स्वर, नवी वाद्यरचना, आणि बहुधा एकच संधी. चुकले तर उद्याच्या प्रयोगात सुधारू, ही सोय तेथे नाही. एवढे काम चार वर्षांत पेलणारा माणूस नुसता गोड गळ्याचा नव्हे, तो कसलेला विद्वान गवई असला पाहिजे. ‘बिचारा ठेंगणा गायक’ अशा सुस्काऱ्याने त्याची कथा सांगणारे लोक ही गोष्ट विसरतात आणि म्हणून मला त्यांचा थोडा राग येतो.

माझी त्याची ओळख झाली ती एका तबकडीवर. पुण्याला माझे एक वयोवृद्ध स्नेही राहत. रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे, आणि जुन्या तबकड्यांच्या नादाने घराची माडी अडवून बसलेले. किल्लीचा ग्रामोफोन ते स्वतः दुरुस्त करीत. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई यांच्या शेजारी त्यांच्या कपाटात जुन्या बाजारातून वजनावर घेतलेल्या काही विलायती तबकड्याही होत्या. एकदा त्यांनी त्यांतली एक लावली. खरखर झाली, आणि त्या खरखरीतून एक आवाज असा काही वर आला, की काचेच्या भांड्यावर ऊन पडावे. भाषा जर्मन, एक शब्द मला कळला नाही.

“गुरुजी, सांगा पाहू, हा माणूस किती उंच असेल?” काकांनी विचारले.

“आवाजावरून उंची कशी सांगणार, काका?” मी म्हणालो.

“हेच!” काका टाळी देऊन म्हणाले, “हेच त्या नाटकगृहवाल्यांना कोणीतरी सांगायला हवे होते!” आणि मग त्यांनी मला श्मिटची कथा सांगितली. पुढे मी ती ठिकठिकाणी वाचून पडताळून पाहिली.

त्या तबकड्यांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण तुमच्यापैकी अनेकांनी त्या पाहिल्याही नसतील. १९२५ पूर्वी ध्वनिमुद्रण करताना गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून जोराने गात असे; त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई थरथरे आणि मेणावर रेघ उमटे. १९२५ च्या सुमारास ध्वनिक्षेपक आणि वीज यांच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले. आता हळुवार स्वर, शब्दांतील श्वास, लहानसा कंप, हे सारे टिपले जाऊ लागले. श्मिटचा आवाज प्रचंड नव्हता; तो रेखीव होता. कर्ण्याच्या काळात तो अर्धा हरवला असता. तो अगदी योग्य वेळी जन्मला, असे या बाबतीत तरी म्हणता येते. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा फिरणाऱ्या त्या तबकडीच्या एका बाजूवर तीन ते साडेचार मिनिटांचेच गाणे मावत असे. तेवढ्यातच काय ते सांगावयाचे! आणि ही तबकडी बनत असे लाखेपासून. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर साठवतात, तो गोळा करून, शुद्ध करून जगभर पाठवला जाई. त्या काळी जगाला लागणाऱ्या लाखेचा मोठा भाग भारतातून, विशेषतः आजच्या झारखंडमधील छोटा नागपूरच्या रानांतून जात असे. तेव्हा बर्लिनमध्ये मुद्रित झालेल्या श्मिटच्या तबकडीत आपल्याकडच्या पळसाचा अंश असण्याचा संभव बराच आहे.

श्मिटने काय काय गाऊन ठेवले? इटालियन ऑपेरातील प्रसिद्ध पदे, पुष्कळदा जर्मन भाषांतरात, हलक्याफुलक्या संगीतिकांतील गाणी, चित्रपटांतील गाणी, हॉलंडवरील प्रेमाचे एक गाणे चक्क डच भाषेत, आणि ते तेथील लोकांनी अगदी आपलेसे केले. ज्यू मंदिरातील प्रार्थनाही त्याने गायकवृंदासह मुद्रित केल्या आहेत. माझे मत विचाराल, तर चित्रपटांतील काही गाण्यांत साखर जरा जास्त झाली आहे. ती ऐकून झाल्यावर मायरबेअरचे ते वास्कोचे गाणे लावावे, आणि त्यानंतर मंदिरातील प्रार्थना. त्या प्रार्थनांत तो कोणाला रिझवण्यासाठी गात नाही. स्वर वर चढताना कोठे जोर लावल्याची खूण नाही. शिखरावर पोहोचल्यावर दम लागलेला नाही. तेथे तो क्षणभर थांबतो आणि एखादे पाखरू पंख न हलवता उतरते तसा खाली येतो. आपल्याकडील जाणत्या श्रोत्यांनाही ती फिरत ओळखीची वाटेल.

१९३३ साल उजाडले. श्मिट तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. रिखार्ट ओस्वाल्ड या दिग्दर्शकाने त्याला नायक करून एक चित्रपट काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘एक गाणे जगभर फिरते’ असा आहे. संगीत हान्स माय याचे. कथानक व्हेनिस शहरातले. ठेंगणा म्हणून रंगभूमीने नाकारलेला एक गायक आपल्या आवाजाच्या बळावर प्रसिद्धीस येतो, पण जिच्यावर त्याचे प्रेम आहे ती मुलगी त्याच्या मित्राला पसंत करते. स्वतःचे व्यंग स्वतःच पडद्यावर मांडावे आणि तेही गात गात, यास धैर्य लागते. ९ मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये या चित्रपटाचा पहिला खेळ झाला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला.

परंतु त्याच वर्षीच्या ३० जानेवारीस हिटलर जर्मनीचा सर्वाधिकारी होण्याच्या वाटेवर चढला होता. त्या दिवशी तो चॅन्सेलर झाला. ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून, विद्यापीठांतून, नाटकगृहांतून आणि नभोवाणीतून काढून टाकण्यास प्रारंभ झाला होता. चित्रपटाच्या पहिल्या खेळाच्या दुसऱ्याच रात्री, १० मे रोजी, बर्लिनमधील एका चौकात हजारो पुस्तकांची होळी करण्यात आली. ज्यू लेखकांची, शांततावाद्यांची, विचारवंतांची पुस्तके. चौकाचे नाव होते ओपर्नप्लात्झ, म्हणजे ऑपेराचा चौक. तेथेच शासकीय ऑपेरागृह उभे आहे. एका रात्री टाळ्यांचा कडकडाट, आणि लगेच दुसऱ्या रात्री त्याच शहरात ग्रंथ जळताहेत!

नभोवाणीने त्याची उंची पाहिली नव्हती. आता मात्र तिच्या दारावर एक नवीच मोजपट्टी लावण्यात आली, आणि ती होती वंशाची. आवाज तोच, कौशल्य तेच, श्रोतेही तेच. तरीही ज्या संस्थेने त्याला नाव दिले होते, तिचे दार बंद झाले. पुढे ज्यू कलावंतांच्या तबकड्यांची विक्रीही जर्मनीत बंद करण्यात आली. पण तबकडीचे एक बरे असते. ती हजारोंनी निघते. एका देशात तिच्यावर बंदी आली, तरी दुसऱ्या देशात कोणाच्या तरी कपाटात ती सुखाने पडून राहते.

श्मिट व्हिएन्नाला गेला. तेथे त्याने आणखी चित्रपट केले. त्यांतल्या एकाचे नाव ‘आकाशातून एक तारा निखळतो’ असे होते, आणि त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. हॉलंड आणि बेल्जियम या देशांत त्याच्यावर लोकांचे विलक्षण प्रेम होते. १९३७ साली तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात गायला. तो तेथेच राहिला असता, तर ही हकीकत येथून पुढे वेगळी झाली असती. परंतु तो युरोपला परतला. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि श्मिटला व्हिएन्नाही सोडावे लागले. तो ब्रुसेल्सला आला.

त्याच्या साऱ्या आयुष्यात मला सर्वांत हृद्य वाटते ती घटना येथली. १९३९ साली ब्रुसेल्समधील ‘ला मॉने’ या मान्यवर ऑपेरागृहात पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या नाटकातील रोडोल्फोची भूमिका त्याला मिळाली. रोडोल्फो हा पॅरिसमधील एक तरुण कवी. थंडीने गारठलेल्या माडीवर राहणारा, खिशात दमडी नसलेला, शेजारच्या आजारी मुलीवर जीव टाकणारा. इतकी वर्षे ज्याने अदृश्य राहून नायक रंगवले, तो आता दिव्यांच्या झोतात, रंगभूषा करून, हजारो डोळ्यांसमोर उभा राहिला. हसणे तर राहोच. प्रेक्षकांनी त्याला उचलून धरले. बेल्जियमच्या इतर शहरांतही त्याचे प्रयोग झाले. ज्या भीतीपायी बर्लिनच्या रंगभूमीने त्याला दूर ठेवले, ती भीती प्रेक्षकांच्या मनात नव्हतीच. ती चालकांच्या मनात होती. हे सिद्ध व्हायला दहा वर्षे जावी लागली, आणि सिद्ध झाले तेव्हा महायुद्धाला काही महिनेच उरले होते.

पुढची कथा मी थोडक्यात सांगतो. १९४० च्या मे महिन्यात जर्मन सैन्य बेल्जियम आणि फ्रान्समध्ये घुसले. श्मिट दक्षिण फ्रान्समध्ये अडकला. समुद्रापार निघून जाण्याचे त्याचे प्रयत्न फसले. १९४२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील ज्यूंची धरपकड सुरू झाली. शेजारी स्वित्झर्लंड हा तटस्थ देश होता; पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्या सीमा ज्यू निर्वासितांना बंद केल्या होत्या. तरीही ऑक्टोबरात श्मिट कसाबसा सीमा ओलांडून झुरिचला पोहोचला. तो थकला होता, आजारी होता, आणि परवानगीवाचून आला होता. त्याला हिनव्हिल गावाजवळील गीरेनबाड येथील छावणीत ठेवण्यात आले. तेथे त्याचा घसा बिघडला, म्हणून त्याला झुरिचच्या रुग्णालयात नेले. छातीत दुखते, असेही तो सांगत होता. पण उपचार झाले ते घशावर, आणि त्याला छावणीत परत धाडण्यात आले. १६ नोव्हेंबर १९४२ रोजी छावणीजवळच्या वाल्डेग नावाच्या खानावळीत तो विसाव्यासाठी गेला असता त्याचे हृदय बंद पडले. त्याचे वय अडतीस वर्षांचे होते. झुरिचमधील ज्यू दफनभूमीत त्याचे थडगे आहे, आणि त्याच्या त्या चित्रपटाच्या नावाची आठवण करून देणारे, निखळत्या ताऱ्याविषयीचे शब्द त्यावर कोरलेले आहेत.

मग असा गायक विसरला कसा गेला? तो सर्वस्वी विसरला गेला, असे नाही. १९५८ साली जर्मनीत त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला. २००४ साली, त्याच्या जन्मशताब्दीला, जर्मनीने त्याचे टपाल तिकीट काढले. २०१९ साली लुकास हार्टमान या स्विस लेखकाने त्याच्या अखेरच्या दिवसांवर कादंबरी लिहिली. परंतु ऑपेराचे जाडजूड इतिहास उघडून पाहा. त्याचा समकालीन रिखार्ट टाउबर याच्याविषयी पाने सापडतील. श्मिटच्या वाट्याला एखादे वाक्य येते. कारण हे इतिहास लिहिणारे लोक गायकाची नाटकगृहे मोजतात. कोणत्या नगरीत, कोणत्या रंगमंचावर, किती प्रयोग? या हिशेबात श्मिटच्या नावापुढे ब्रुसेल्सखेरीज मोठे असे काही नाही. जे नाटकगृह हजारो खिडक्यांमागे, हजारो दिवाणखान्यांत पसरलेले होते, त्याची तिकिटे कोठे मोजलेली आहेत? नभोवाणीवरचे त्याचे गाणे वाऱ्यावर गेले. उरल्या त्या तबकड्या, आणि तबकड्या पुष्कळ दिवस ज्याच्या त्याच्या माडीवर विखुरलेल्या होत्या.

त्या गोळा करण्याचे काम आल्फ्रेड फासबिंड या स्विस गायकाने आपलेसे केले. स्वतः त्याच पट्टीत गाणाऱ्या या माणसाने तबकड्या, छायाचित्रे, पत्रे, जाहिराती मिळवल्या, त्यांचा संग्रह उभारला आणि १९९२ साली श्मिटचे चरित्र प्रसिद्ध केले. आज ती खरखरणारी गाणी स्वच्छ करून नव्या स्वरूपात मिळतात. वडीलमाणसांना विचारून तुम्ही ती भ्रमणध्वनीवरही ऐकू शकाल. ऐकताना खरखर येईल; तिला कंटाळू नका. पहिल्या ऐकण्यात भाषा आडवी येईल, म्हणून वास्कोचे गाणे निवडा. जहाजावरून उतरलेला माणूस प्रथमच एक हिरवे बेट पाहत आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

बर्लिन शहराच्या ट्रेप्टो-कोपेनिक या भागात मुलांसाठी एक सार्वजनिक संगीतशाळा आहे. तिचे नाव योझेफ श्मिट संगीतशाळा असे ठेवलेले आहे. तुमच्या वयाची मुलेमुली तेथे वाद्ये वाजवायला आणि गायला शिकतात.